ताशी चार पूर्णांक आठ

सॉफ्टवेअरमधला माणूस ताशी चार पूर्णांक आठ किलोमीटर चालतो.
त्याला गुडघे नाहीत.
हातात पिशवी नाही, चढावर धाप नाही,
कार्लाइलच्या ऑफिसात, तिसऱ्या मजल्यावर,
माझ्या स्क्रीनवर तो रोज चाळीस हजार वेळा
घरातून निघून दवाखान्यात पोचतो
एकदाही न भिजता.

मी त्याच्या वाटा रंगवते.
पंधरा मिनिटांच्या आत हिरवा, तिसाच्या आत पिवळा,
त्यापुढे लाल.
लाल फार नको, गॅरेथ म्हणतो,
लाल फार झाला की बैठक लांबते.

हॅलथ्वेट हिरवं होतं.
त्याच्या पोस्टकोडचा मध्यबिंदू
मेंढ्यांच्या एका कुरणात पडतो,
तिथून दवाखाना चौदा मिनिटं.
म्हणजे मेंढ्यांची सोय उत्तम.

मार्चमध्ये मी स्वतःच गेले, स्टॉपवॉच घेऊन.
विनी टायसन, वय एक्याऐंशी.
कोट घालायलाच तिला सहा मिनिटं लागली
आणि मला कळेना, घड्याळ सुरू कधी करायचं,
दार ओढलं तेव्हा
की दुसरी बाही सापडत नव्हती तेव्हा?

चढ. फाटक. फाटकाची गारठलेली कडी.
मग बाक, त्यावर पितळी पट्टी,
नवऱ्याचं नाव, दोन सालं.
ती बसली अगदी कडेला,
उरलेली जागा जशी कुणी धरून ठेवली होती.
मी उभीच राहिले.
घड्याळ चालू होतं, थांबवायचं सुचलं नाही,
नंतर वाटलं, बरंच झालं.

एकेचाळीस मिनिटं.
परतीची मोजली नाहीत.
आमच्या तक्त्यात परतीचा रकानाच नाही,
बरं होऊन माणूस उडत घरी येत असावा.

"बस आहे की," ती म्हणाली,
"मंगळवारी आणि शुक्रवारी.
म्हणून मी आजारी पडते ती सोमवारी रात्री."
आणि हसली, आणि खोकला आला,
आणि खोकला संपेपर्यंत आम्ही दोघी
समोरच्या दगडी कुंपणाकडे बघत राहिलो.

सकाळी आठला फोन लावायचा.
रांगेत तेविसावा नंबर, मध्ये सनई-चौघड्यासारखं काहीतरी वाजतं,
मग एक मुलगी विचारते, तातडीचं आहे का?
"मग तुम्ही काय सांगता?"
"सांगते, नाही गं, तसं काही नाही."

तसं काही नाही.
हे किती किलोमीटर धरायचं?

आपल्याकडे म्हणतात, हाकेच्या अंतरावर.
त्या मापात हाक मारणारा धरलेला असतो
आणि ओ देणाराही.
ज्याला हाक मारायचाच संकोच
त्याच्यासाठी कुठल्याच भाषेत माप ऐकलं नाही मी.

माझी आई धडगावकडच्या उपकेंद्रात नर्स होती.
भिंतीवर तिनेच काढलेला नकाशा,
पाडे म्हणजे पेन्सिलीचे गोल,
नदी निळ्या खडूची, रस्ता असेल तिथे रस्ता.
नदीपलीकडच्या तीन गोलांपुढे तिने लिहिलं होतं:
जून ते सप्टेंबर, नाही.
वरून साहेब आले, म्हणाले, बाई, नकाशात असं लिहीत नाहीत.
तिने पुसलं.
साहेबांची जीप वळणाआड गेल्यावर
पुन्हा लिहिलं.

निघताना विनीने मला दारापर्यंत सोडलं,
तिच्याच दारापर्यंत, आतून.
"दूर नाहीये गं दवाखाना," ती म्हणाली, "खरंच.
बरी असते तेव्हा अजिबात दूर नसतो."

सोमवारी मी वेग बदलून पाहिला. दोन पूर्णांक एक.
हॅलथ्वेट लाल, शेजारचं लाल, किनारपट्टी खाली जात जात
लाल. गॅरेथ मागे येऊन उभा राहिला, चहाचा मग धरून,
बराच वेळ काही बोलला नाही.
मग म्हणाला, परिशिष्टात टाक.

टाकलं.
पण मुख्य नकाशाची भिंतीवरची प्रत
मीच छापते, मीच डकवते,
आणि सहाला सफाईवाला यायच्या आधी
मजल्यावर कुणी नसतं.
हॅलथ्वेटच्या हिरव्याशेजारी, पेन्सिलीनं,
देवनागरीत:
मंगळवार, शुक्रवार.
एरवी, नाही.