सातशे वीस किलो

भोसरीच्या काट्यावर, भंगाराच्या दोन ट्रकांमध्ये
गाडी उभी केली, तर काटेवाला
खिडकीतून वाकून म्हणाला,
ताई, माल कुठंय?
म्हटलं, काढला. आता नुसती गाडी मोजा.

चिठ्ठी आली: सातशे वीस किलो.
मागचं सीट गेलं, स्टेपनी गेली,
छताचं कापड, स्पीकर, काचांच्या मोटरी,
डॅशबोर्डवरचा तात्यांचा गणपतीसुद्धा.
पन्नास ग्रॅम. त्यांना सांगितलं नाही.
आणि बॉनेटखाली
नाना पेठेतून तुकड्यातुकड्यानं जमवलेला टर्बो,
एकशे पंचेचाळीस घोडे.
मुनीर शिकलगार म्हणतो, घोडे बांधले खरे,
नाल ठोकायची राहिली.

पहिल्या गिअरला नुसता धूर.
दुसऱ्याला स्टिअरिंग उजवीकडे ओढतं:
डावा ॲक्सल आखूड, उजवा लांब,
एकाच पेटीतून निघालेले, पीळ वेगळा.
पाय दाबला की वजन मागे पळतं,
नाक उचलतं,
ज्या चाकांनी ओढायचं तीच हलकी पडतात.
वळायचंही त्यांनीच.
मागची दोघं
वरातीतल्या पाहुण्यांसारखी मागून येतात.

बोपदेव घाट, पहाटे साडेपाच.
खाली कोंढव्याचे दिवे अजून विझले नव्हते.
तिसऱ्या वळणावर बारीक खडी.
आतलं चाक सुटलं, भिरभिरलं, किंचाळलं.
बाहेरचं, ज्याच्याखाली कोरडं डांबर होतं,
ते नुसतं होतं तिथं होतं.

वर टपरीवर मुनीरनं दोन ग्लास आणि एक बशी घेऊन
मला डिफरन्शियल समजावलं.
जे चाक घसरतं ना, सगळी ताकद त्यालाच जाते.
जे टेकून आहे, त्याला काही नाही.

म्हटलं, हे मला नवीन नाही.
धैर्यशीलचं जिम बुडालं, तेव्हा चिखलीचा गाळा गेला.
मग त्याचं डब्यांचं ॲप, तेव्हा आईच्या पाटल्या.
मग वाकडचा फ्लॅट, ज्याचे हप्ते अजून
माझ्या पगारातून जातात.
मी टेकून होते.

मुनीर हसला नाही. बशी पुसत म्हणाला,
लॉक टाकू, पंचेचाळीस हजार,
दोघांना थोडं थोडं जाईल.
बघू, म्हटलं.

सुतारदऱ्याचा चढ आठवला,
पाइपलाइनसाठी उकरलेला, चिखलानं माखलेला.
तात्यांची आठशे दोनदा वर गेली, दोनदा खाली आली.
तात्या काही बोलले नाहीत. गाडी फिरवली,
चढाला पाठ केली,
मान खिडकीबाहेर काढून
रिव्हर्समध्ये चढवली, थेट आत्याच्या दारापर्यंत.
लोक गॅलरीतून हसत होते.
मागे मी, मांडीवर अनारशांचा डबा.
पुढच्या काचेतून सगळं कोथरूड
हळूहळू खाली जाताना दिसत होतं.
वजन चाकावर आणायचं, एवढंच म्हणाले,
आणि चपला काढून आत गेले.

दुसऱ्या फेरीला त्याच वळणाआधी
मी पाय उचलला. अर्धाच.
रागानं नाही.
नाक खाली बसलं. स्टिअरिंग एकदम जड झालं,
इतका वेळ हातात काहीच नव्हतं
हे तेव्हा कळलं.
मग हळूच, दुधावरची साय सरकवावी तसा,
परत दाबला.
खडी मागे उडाली. गाडी ओढली गेली वर.

मुनीर स्टॉपवॉच नाचवत धावत आला,
काय केलंस, काय केलंस!
काही नाही, म्हटलं. कमी दिलं.

खिशात फोन थरथरत होता. धैर्यशील.
दोनदा वाजून थांबला.
मी डॅशबोर्डवरच्या गोंदाच्या डागावर
बोट फिरवत बसले.
घरी जाऊन गणपती परत चिकटवायला हवा.
पन्नास ग्रॅमच,
पण बसतो अगदी पुढच्या चाकांवर.