नांगराचा दगड

सुकती लागायच्या आत पोहोचायचं म्हणून
मकामे तांडेलाने पहाटे पाचलाच शीड चढवलं.
सव्वीस मुलं, दोन कॅन पाणी, पातेलंभर भात,
आणि मी, वहीत सुलतानांची नावं उतरवून आणलेली,
जी किल्वाचा धक्का दिसेनासा होईपर्यंत
निम्मी भिजली.

तरी उशीर झालाच.
बेटाच्या अलीकडे पाणी गुडघ्यावर आलं,
मग घोट्यावर, मग नुसता चिखल.
चपला हातात, रांग खारफुटीतून.
शवेजीने घातलेलीच ठेवली होती;
रुतलेला पाय निघाला, चप्पल नाही.

पहारेकरी अथुमानीबाबा शेळ्यांमागून आले
बटण तुटलेल्या सरकारी शर्टात.
"हात लावायचा नाही," म्हणाले,
आणि स्वतः भिंतीला पाठ टेकून उभे राहिले.

भिंती पोवळ्याच्या. समुद्रातून ओला कापला
तर हा दगड साबणासारखा कोरता येतो,
वाळला की माणसांना पुरून उरतो.
मी हे सांगत होते, तेवढ्यात
ततू आणि झुहुराने महालाचा संडास शोधून काढला.
मग कुणाला मिहराब नको, शिलालेख नको.
सव्वीसच्या सव्वीस जणांनी
त्या चौकोनी भोकात आळीपाळीने डोकावून पाहिलं.
"सुलतानसुद्धा?"
"सुलतानसुद्धा."
इतिहास इतका पटलेला
मी वर्गात कधी पाहिला नव्हता.

दुपारी गोरखचिंचेखाली भात.
पलीकडे छप्पर नसलेली मशीद, तिच्या कोनाड्यांत
दिव्यांऐवजी पाली.
एका खोलीतून कुणीतरी पावलं मोजत आलं:
"म्वालिमू, ही आमच्या घराएवढीच आहे."
म्वानाकोम्बो. फारशी बोलत नाही ती.
मी म्हटलं, मोजलंस ते लिही.
तिने लिहिलं नाही. परत गेली,
उंबऱ्यावर बसून राहिली, पाय आत, पाठ आमच्याकडे,
आतून कुणी जेवायला हाक मारणार असल्यासारखी.

निघताना मी सगळ्यांचे खिसे उलटे करायला लावले.
तीन खापऱ्या, शिंपला, एक लाल मणी.
"काही न्यायचं नाही. शिंपलासुद्धा नाही.
एकेकाने एकेक नेलं तर बेट उरेल का?"
बाबांनी मणी तळहातावर घेतला.
"पाऊस झाला की वर येतात, पेरल्यासारखे,"
म्हणाले, आणि अंगठ्याने माती उकरून
पुन्हा पुरला.

भरती आली. होडी हलली.
मकामेने नांगर ओढायला घेतला, हात हात दोर,
आणि पाण्यातून वर आला तो
लोखंडाचा नव्हे, दगडाचा, मधोमध भोक पाडलेला,
एका कडेला वेलबुट्टीची अर्धी ओळ,
शेवाळाखालीही छिन्नी दिसावी अशी.
कुठल्या दाराची चौकट, कुठल्या कमानीचा खांदा.
मी मकामेकडे पाहिलं. मकामेने शिडाकडे.
"आजोबांचा आहे," तो थोड्या वेळाने म्हणाला.
मी काही विचारलं नव्हतं.

म्वानाकोम्बो मात्र बघत होती,
आधी दगडाकडे, मग माझ्याकडे.
तिच्या गणवेशाचे खिसे अजून बाहेर लोंबत होते.

मी वही उघडली. शाई सगळी एक झालेली,
कोण कुणानंतर, काही लागेना.
मागे पोरं शवेजीच्या चपलेवरून भांडत होती.
दगड माझ्या पायाशी निथळत पडला होता.
मी पाय आवरून घेतले,
त्याला जागा केली.