शेगडी विकल्यावर

शेगडी काल गेली, वीस रियालला,
सिलिंडरसकट.
आणि आज हेरंबचा फोन :
"चौघं येताहेत निरोपाला. काही आहे का घरात?"

फ्रिज उद्या दुपारपर्यंत आपलाच.
लबनेचा अर्धा डबा,
चीजचे सहा त्रिकोण, चंदेरी कागदातले.
खलबत्ता कुठल्या खोक्यात कोण जाणे,
लसूण वाटीच्या बुडानं चेचली.
मिरची. झातर.
चक्का घोटावा तशी घोटत राहिले
आणि हात आपसूक
साखरेच्या रिकाम्या फळीकडे गेला.

खोक्यांवर बसून त्यांनी खुबूस फाडले.
समोरची झुवैनाही आली.
"तिखट कमी पडलं," म्हणाली,
म्हणजे आवडलं.

उरलेलं तिच्याच निळ्या वाडग्यात भरलं.
रुवीतल्या या चौथ्या मजल्यावर
अकरा वर्षं दोन दारांत फिरतंय ते :
तिकडून खजूर, इकडून चिवडा,
रिकामं कुणी परतवलं नाही.

दारात तिनं वाडग्याकडे पाहिलं,
मग माझ्या मागच्या भिंतीकडे,
जिथं घड्याळाचा नुसता खिळा.
"चुकलीस," म्हणाली,
"या वेळी रिकामं द्यायचंस."

चमचा माझा
त्यातच राहिला.