हलवून बघ

आमच्या बंदुकीचं वय बाबांपेक्षा जास्त.
पोर्तुगीज राजवटीतली, एकनळी, दस्त्याला तांब्याची पट्टी.
निवडणूक आली की ती वाळपईच्या ठाण्यात जाऊन झोपते,
निकालानंतर पावती दाखवून आम्ही तिला घरी आणतो,
माहेरपणाला आणावी तशी.

यंदा ती आली, तेव्हा पेटीत दोनच काडतुसं होती.
एकाच्या पितळेवर हिरवी बुरशी चढलेली.

खाली कुळागर. पोफळी, केळी, कडेनं सुरण.
रानडुकरं एका रात्रीत नांगर फिरवून जातात.
बाबा कुणाला मारत नाहीत, हवेत एकच बार काढतात.
"आवाज पुरे," म्हणतात, "डुकराला अक्कल असते."
पण आवाजालाही काडतूस लागतं.

जाहिरात फोनवर मीच पाहिली.
बारा बोर, पन्नासची पेटी, अर्धा भाव, घरपोच,
परवान्यावर नोंद नको.
फोटोत लाल नळकांडी ओळीनं मांडलेली,
साखरपुड्याच्या ताटासारखी.
माणूस ताई, ताई म्हणत होता.
फौजेतून निवृत्त, म्हणाला, ओळखपत्र धाडलं.
त्यावरचा चेहरा इतका सालस
की मी दुसऱ्यांदा पाहिलाच नाही.
आधी अर्धे पैसे. मग गाडीभाडं.
मग कसलासा विमा, तोही परत मिळणारा.
तिसऱ्या वेळी अंगठा जरा थांबला होता.
मीच त्याला पुढे ढकललं.

चार हजार दोनशे.
काजूबियांचे, डब्यात राखून ठेवलेले.

बाबा ओसरीवर सुपारी सोलत होते.
रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.
एवढंच विचारलं, "हलवून दाखव म्हटलंस त्याला?"
मला कळलं नाही.
ते उठले, चांगलं काडतूस माझ्या कानाशी धरून हलवलं.
काहीच नाही.
मग ते हिरवं.
आत काहीतरी सुटं झालेलं, घरंगळत होतं.
"नीट भरलेलं बोलत नाही," म्हणाले.
"बोलतंय ते घ्यायचं नाही."

रात्री त्याचा फोन.
"ताई, माल सुटलाय, आता शेवटचे आठशे."
मी म्हटलं, एक काडतूस फोनजवळ हलवा.
तो गप्प झाला. मागे पंखा फिरत होता, कुकरची शिटी झाली.
मग खुळ् खुळ् खुळ्.
कुठल्याशा गावात कुणीतरी
काड्यापेटी हलवत होतं, माझ्यासाठी.

ठाण्यावर हवालदार झर्मेकरांनी सगळं लिहून घेतलं,
पेन ठेवलं आणि म्हणाले,
"नोंद नको म्हणणारा चोर, हे खरं.
नोंद नको ऐकून हो म्हणणारी कोण?"
भिंतीवरच्या कॅलेंडरात मी उगाच एकादशी शोधली.

शनिवारी म्हापसा. आवेर्तानचं दुकान,
बाजाराच्या मागल्या गल्लीत, पायरी तुटलेली.
तो एकदाही ताई म्हणाला नाही.
चष्मा पुसला, परवान्याचं मागचं पान पाहिलं,
बाबांचा चेहरा पाहिला, पुन्हा पान.
"पन्नास कशाला मागता? तुमच्या नावावर दहाच बसतात."
भाव पूर्ण. एक रुपया सोडला नाही.
जाड वहीत नंबर, तारीख, बाबांची सही,
बिलावर शिक्का, तो नीट उठला नाही म्हणून पुन्हा शिक्का.
इतका तुसडा माणूस.
मला त्याच्यावर एकदम भरवसा बसला.

परतीच्या बसमध्ये बाबा खिडकीशी झोपले.
पिशवी माझ्या मांडीवर.
डिचोली येईपर्यंत मी एकेक काढून
दहाच्या दहा कानाशी हलवून पाहिली.
शेजारची बाई उठून पुढे जाऊन उभी राहिली.

एकही बोललं नाही.