नोंद

करारावर माझं नाव : शिकाऊ उमेदवार.
मुदत बारा महिने, विद्यावेतन अकरा हजार,
जागा अंबड, दुसरा मजला.
खाली व्हॉल्व्हचा कारखाना, त्याच्या प्रेसचा ठोका
जिन्याने वर येतो
आणि माझ्या चहात वर्तुळं काढतो.

मावसभाऊ विचारतो, एकीचं इन्स्टा उघडून देशील?
आई शेजारी सांगते, पोरगी चोर पकडते.
मी पकडते ओळी.
एका पतसंस्थेचा सर्व्हर रात्रभर जे पुटपुटतो ते सगळं :
कोण आलं, किती वाजता, कुठल्या दारानं,
कितीदा चुकला पासवर्ड.
पंधरा दिवस खैरनार मॅडमनी
कशालाच हात लावू दिला नाही.
म्हणाल्या, नुसती बघ. रोजचं काय असतं
ते आधी डोळ्यांत मुरू दे.

हे घरी सांगितलं तेव्हा
अप्पा माझ्या नोकरीवर पहिल्यांदा हसले,
गावाकडचं कुणी भेटल्यासारखे.
अप्पा पाटबंधारे खात्यातले. होळकर पुलाशी
पट्टी वाचण्यात सव्वीस पावसाळे गेले.
दर तासाला बॅटरीचा झोत, आकडा, सही.
पुरात काय कुणालाही दिसतं, ते म्हणाले,
नदी एप्रिलात बघावी लागते.
मग भाकरी मोडता मोडता
दुतोंड्या मारुतीवर आले :
घोट्याला लागलं, गुडघ्याला लागलं,
कमरेला आलं की सराफ बाजार माल वरच्या मजल्यावर हलवतो.
कुणी सांगावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी मी वहीत लिहिलं :
पाच मिनिटांत दहा चुकीचे पासवर्ड, घोटा.
वीस, गुडघा.
चाळीस, कंबर, मॅडमना उठवणे.
मॅडमनी वही उलटी धरून वाचली, काही बोलल्या नाहीत.
आठवड्याभरात सगळी पाळी विचारायला लागली,
काय गं, कुठवर आलंय?

तिसऱ्या महिन्यात एक मेल आला.
विद्यावेतनात वाढ, तपशील येथे पाहा.
मी पाहिला.
त्याच दुपारी पतसंस्थेच्या बायकांना
मीच शिकवून आले होते, येथे पाहा म्हटलं की पाहायचं नाही.
पान पांढरं झालं आणि पांढरंच राहिलं.
खाली प्रेस पडत होता. मी ठोके मोजले.
कुणी बघितलं नव्हतं.
शंभराच्या आसपास मोजणं चुकलं
आणि मी उठून मॅडमच्या टेबलाशी गेले.
त्यांनी आधी घड्याळ पाहिलं.
चार मिनिटं, म्हणाल्या. मेल मीच पाठवला होता.
गेल्या वर्षीचा मुलगा दीड दिवस गप्प बसला.
तो आता कुठंय, विचारलं,
तर त्यांनी ड्रॉवर उघडून
रात्रपाळीची किल्ली काढून दिली.

काल पावणेतीनला सिन्नर शाखा.
मॅनेजरचं खातं. घोटा, गुडघा,
बघता बघता कंबर.
मॅडमना उठवलं. त्या म्हणाल्या, लावून घे फोन, मी ऐकतेय.
नोंदवहीतल्या नंबरवर लावला.
गायधनी साहेब जागेच होते, वैतागलेले :
अहो ताई, मीच आहे! उद्या ऑडिट,
आज पासवर्ड बदलला, आता तोच आठवेना.
तरी मी ठरलेले तीनही प्रश्न विचारले.
तिसऱ्याला त्यांनी मला खेडवळ म्हटलं आणि उत्तर दिलं.
बरोबर होतं.

घरी पोचले तर अप्पा अंगणात नळाला पाणी भरत होते.
काय झालं रात्री?
काही नाही.
लिहिलंस?
लिहिलं. वेळ टाकली, सही केली.
ते हं म्हणाले
आणि भरलेली बादली
या हातातून त्या हातात घेतली.