वजनखोली

हिंगण्याच्या एमआयडीसीत आमच्या वजनखोलीत
सगळ्यात लहान डबा किवीच्या बियांच्या अर्काचा.
फिकट पिवळा, पातळ,
वास म्हणावा तर नाही;
नाक अगदी आत घातलं तर
रात्रभर भिजलेल्या जवसाची आठवण येते, बस.

दोनशे किलो क्रीमला दोनशे ग्रॅम.
पाणी, मेण, ग्लिसरीन सगळं वितळून एकजीव झालं,
पारा चाळीसच्या खाली उतरला
की मग हा टाकायचा.
गरम सोसत नाही त्याला.
बाहेर मे महिना, सेहेचाळीस.
मला सोसतं.

काटा एकशे नव्याण्णववर आला की
मी पंखा बंद करते
आणि थेंब थेंब सोडते.

डबीवर मात्र अख्खी किवी कापलेली,
हिरवीगार, ताटलीएवढी,
मधल्या पांढऱ्याभोवती काळ्या बियांचं रिंगण.
पाणी मागच्या बाजूला, मुंगीच्या अक्षरांत.

खरी किवी मी एकदाच घेतली, बर्डीवर,
थर्माकोलच्या ट्रेमध्ये तीन, नव्वद रुपये.
मुलगा म्हणाला, "आई, हा तं केसाळ बटाटा हाय."
बिया खसखशीएवढ्या,
दाताखाली टचकन फुटतात, भांडखोर.

पॅकिंगला शेवंताबाई नेवारे.
उन्हाळ्यात नागपुरात सगळ्याच बायका
डोकं-तोंड दुपट्ट्यात बांधून गाडीवर बसतात,
फक्त डोळे दिसतात, तेही चष्म्याआड.
आत आलं की सगळ्यांनाच प्लास्टिकची टोपी.
त्यामुळे मेडिकलमध्ये बाईंची सुई चालू आहे
हे दोन महिने कोणाला कळलंच नाही.
जूनच्या शेवटी आम्ही दुपट्टे सोडले.
त्यांनी नाही सोडला.

एकदा डबा खाताना सरकून बसल्या.
"काय वं, ह्या आपल्या तेलानं येतात का केस?
तूच तं टाकते अंदर. तुले माहीत असन."

मला माहीत होतं
किती ग्रॅम, कितव्या मिनिटाला, कोणत्या बॅचचा.
माहितीपत्रकात लिहिलेलं होतं
'पोषण', 'चमक', 'मुलायमपणा'.
मी पोळीचा तुकडा उगाच भाजीत फिरवत राहिले.
"मऊ होतात म्हणे," मी म्हटलं.
"येतात असं कुठं लिहिलं नाही."

"म्हणजे आधी असले पाह्यजेत,"
असं म्हणून त्या इतक्या हसल्या
की सुपरवायझर डुरुगकर दारातून डोकावले.

तरी त्यांनी वाकड्या लेबलची एक बाटली नेली.
वाकडं लेबल स्टाफला वीस रुपयांत मिळतं.
मी पैसे देऊ का म्हटलं तर रागावल्या.

संत्री आली. कळमन्याचा ढीग स्वस्त झाला,
दुपारी शेडमागे भिंतीच्या उन्हात
आम्ही सोलायचो, साली खिशात,
वाळवून कुटायला घरी न्यायच्या.
बिया नालीत थुंकायच्या.
"ह्या बियांचं काहून नाही बनवत वं?" बाईंनी विचारलं.
"आपल्या गावच्या आहेत," मी म्हटलं, "कोण घेईल?"

मग त्यांनी हात पुसले,
इकडेतिकडे पाहिलं
आणि टोपी काढली.

तपकिरी. बारीक. उभी लव,
बर्डीवरच्या त्या ट्रेमधल्यासारखी.
"हात लावून पाह्य."
मी लावला. ऊन लागून
डोकं कोमट झालेलं.
"तेलानं?" मी विचारलं.
"बाटली तं सुनेनं वापरली सारी," त्या म्हणाल्या.
"हे असंच आलं."
आणि टोपी परत घातली, कानांवर नीट ओढून,
कारण केस उत्पादनात पडू नयेत
असा नियम आहे.

त्या दुपारी घंटेनंतर
काटा दोनशेएकवर गेला.
मी तो एक ग्रॅम काढला नाही.
वहीत दोनशे लिहिले,
सही केली,
पंखा लावला.