उणे अडतीस

कोत्काच्या बंदरात बर्फ फोडणारं जहाज
सकाळपासून एकाच जागी घुरघुरतंय.
माझं टेबल तळघरात, सौनाच्या भिंतीला लागून,
लाकडाला अजून शनिवारच्या वाफेचा वास.
ट्रान्सफॉर्मर वेइक्कोचा.
कागदगिरणी बंद झाली तेव्हा
कुणी खुर्च्या नेल्या, कुणी भिंतीवरचं घड्याळ,
तो घोषणायंत्रातलं हे नऊ किलो लोखंड
पोटाशी धरून गेटबाहेर पडला.

त्यातून दोन जाड लाल वायरी निघतात,
त्यांच्यापाशी काम करताना
डावा हात खिशात ठेवायचा, हे वेइक्कोनेच शिकवलं.
आणि एक बारीक, पिवळी. पन्नास व्होल्टची.
मागच्या वेळी तिला टेप गुंडाळून
मी कोपऱ्यात ढकललं होतं,
बायस कुठून तरी उसना आणला होता,
भागलं तेवढ्यावर.

ट्यूब तापली की तिला थांबायचं ठाऊक नसतं.
असेल नसेल ते देऊन टाकते,
शेवटी स्वतःचा पत्रासुद्धा.
म्हणून तिच्या जाळीवर
कुणीतरी सतत उणं धरून ठेवावं लागतं.
त्या उण्याला मिरवायला काही नाही,
प्रवाह जवळजवळ शून्य, सुरात नाव नाही,
नुसतं दारात उभं राहायचं
हात आडवा लावून.

पाच वर्षांपूर्वी, कार्हुलाच्या लाकडी नाचघरात,
पॉटचा वायपर उचलला गेला.
धुळीचा कण असेल. किंवा माझी घाई.
पत्रा आधी विटकरी झाला, मग लालबुंद,
आणि रायमो गिटार न थांबवता ओरडला,
‘काय सुंदर दिसतंय! बंद करू नकोस!’
मी केलं नाही.
खरं सांगायचं तर त्या दीड मिनिटात
तो डबा जसा वाजला
तसा ना आधी वाजला होता, ना नंतर वाजायला उरला.
मग धूर, अंधार, आणि पार्किंगमध्ये
एकमेकांचं उणंदुणं,
वीस वर्षांचं, एका दमात,
उणे पंधरा तापमानात.

आता तो येव्लेला असतो, ट्रक चालवतो.
नोव्हेंबरात एक कार्ड आलं, पाठीमागे चार ओळी:
एक बनवशील का. लहान. घरात वाजेल असा.
मुलगी लवकर झोपते.
मुलगी आहे हे मला
त्या ओळीतून कळलं.

तर पिवळी वायर. डायोड उलटा,
पट्टी ट्रान्सफॉर्मरकडे.
कपॅसिटरचं अधिक अर्थला, इथे अधिकाने खाली बसायचं;
हाताला उलटी सवय, दोनदा लावला,
दोनदा काढला, सोल्डरचा थेंब मनगटावर.
पॉट या खेपेला अर्थच्या बाजूला घातला, मुद्दाम.
वायपर सुटला तर रोध वाढेल,
उणं आणखी उणं होईल,
आणि ट्यूब पेटण्याऐवजी
गप्प होईल.
एवढी एक रेघ कागदावर हलवायला
मला पाच वर्षं लागली
म्हटलं तर वेइक्को हसेल.

कॅथोडखाली एका ओहमचा रेझिस्टर.
जितके मिलिव्होल्ट तितके मिलिअँपियर,
मीटर सरळ बोलतो.
पस्तीस. दुसरी ट्यूब तेहतीस; जुळ्या नाहीत त्या,
चालेल.
जाळीवर उणे अडतीस.
लाकडी काडीने वायपरची तार उचलून पाहिली:
चव्वेचाळीस, बावन्न,
आणि स्पीकरमधली बारीक घरघर
कुणी पांघरूण ओढावं तशी बुडाली.
तार सोडली. परत अडतीस.
चारदा केलं. चौथ्यांदा काही कारण नव्हतं.

चासीच्या आत पेन्सिलने आकडा लिहिला.
लालबुंद पत्र्याबद्दल काही लिहिलं नाही,
त्याला आठवत असेल.
खोक्यात वर्तमानपत्रं कोंबली,
ट्यूब वेगळ्या, मोज्यांत गुंडाळून.
कार्डावर रस्त्याचं नाव आहे,
घर क्रमांक पाण्याने फुटलाय, सात किंवा एक.
विचारायला फोन करावा लागेल.

जहाज हललं वाटतं.
टेबलावरचे स्क्रू
एकाच बाजूला सरकतायत.